छंद आणि धंदा

'छंद' आणि 'धंदा' हे दोन शब्द उच्चारात जवळचे असले, तरी त्यांच्या प्रकृतीत मोठे अंतर आहे. छंदात मनुष्य वस्तू जवळ ठेवण्यासाठी मिळवतो. धंद्यात ती दुसऱ्यास देण्यासाठी मिळवतो. छंदाचा हिशेब आनंदात होतो, धंद्याचा रुपये-पैशांत होतो. तरीही टपालतिकिटे, नाणी, आगपेट्यांवरील चित्रे किंवा जुनी पुस्तके जमवणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात एक विचार हटकून येतो की, एवढे जमवले आहे तर याचा व्यापार का करू नये? या विचारात गैर असे काहीच नाही. जगातील एक अत्यंत प्रसिद्ध पेढी याच विचारातून उभी राहिली. परंतु छंदाचा धंदा करताना पैशांखेरीज आणखीही काही पणाला लागते. ते काय, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या घरातील वडील मंडळींनी आधीच करावा, म्हणून हा लेखप्रपंच. उदाहरणासाठी आम्ही टपालतिकिटांचा छंद घेतला आहे. कारण तो सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्याच्या व्यापाराचा इतिहासही बोधप्रद आहे.

औषधांच्या दुकानातील तिकिटे

जगातील पहिले चिकटवायचे टपालतिकीट, म्हणजे एक पेनीचे काळे तिकीट, इंग्लंडमध्ये १८४० च्या मे महिन्यात वापरात आले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात प्लिमथ या बंदराच्या गावी स्टॅन्ली गिबन्स याचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते. मुलाला तिकिटे जमवण्याचा नाद लागला आणि १८५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांच्या दुकानातच एका बाजूला तिकिटे विक्रीस मांडली.

गिबन्सच्या चरित्रातील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १८६३ च्या सुमारास दोन खलाशी त्याच्या दुकानात आले. त्यांच्यापाशी एक पिशवी होती आणि तीत केप ऑफ गुड होप या वसाहतीची त्रिकोणी तिकिटे खच्चून भरलेली होती. केपमध्ये एका सोडतीत ती त्यांना लागली होती म्हणतात. गिबन्सने ती पिशवी पाच पौंडांना घेतली आणि तिकिटे निवडून, लावून, एकेक करून विकली. त्यातून त्याला सुमारे पाचशे पौंड मिळाले, असे सांगतात.

ही गोष्ट ऐकून पुष्कळांना वाटते की, या धंद्यात नशिबाची पिशवी दारात येण्याचीच काय ती वाट पाहावी. वस्तुतः गिबन्सची पेढी त्या पिशवीवर उभी राहिली नाही. तिचा खरा पाया १८६५ साली घातला गेला; त्या वर्षी त्याने आपल्याजवळील तिकिटांची छापील किंमतसूची प्रसिद्ध केली. तोंडी सांगितलेला भाव गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून बदलता येतो. छापलेला भाव लहानमोठ्या सर्वांना एकच असतो. दूरगावचा मनुष्यही पत्राने माल मागवू शकतो आणि आपणांस किती पडणार हे त्याला आधीच कळते. सूची छापणाऱ्याने जणू स्वतःचाच हात बांधून घेतला, आणि त्या बांधलेल्या हातावर लोकांचा विश्वास बसला. १८७४ साली गिबन्स लंडनला गेला. १८९० साली त्याने आपला व्यवसाय चार्ल्स फिलिप्स यांस पंचवीस हजार पौंडांना विकला. त्याच्या नावाने निघणारी सूची आजही जगभरच्या संग्राहकांच्या हाती असते.

संग्राहक आणि व्यापारी

आता छंद आणि व्यापार यांतील भेद नीट पाहू. संग्राहकाला जे आवडते ते तो घेतो. व्यापाऱ्याला जे दुसऱ्याला आवडेल ते घ्यावे लागते. संग्राहकाच्या वहीतील एखादी रिकामी चौकट भरली की त्याला झोप गोड लागते. व्यापाऱ्याचे तेच तिकीट दोन वर्षे वहीत पडून राहिले, तर त्याचे पैसे अडकून पडतात. सर्वांत कठीण गोष्ट अशी की, व्यापाऱ्याला आपल्याजवळची उत्तम वस्तू आनंदाने दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. ज्याला ती देताना वाईट वाटते, तो एकतर अवाच्या सवा किंमत सांगून गिऱ्हाईक घालवतो किंवा विक्रीचा माल गुपचूप आपल्या संग्रहात सरकवतो. दोहोंचा परिणाम एकच, तो म्हणजे तोटा.

म्हणून ज्यांना हा उद्योग करून पाहायचा आहे त्यांना आमची पहिली सूचना अशी की, वह्या दोन असाव्यात. एक संग्रहाची व एक विक्रीची. संग्रहाच्या वहीतील तिकीट कोणी कितीही दिले तरी विकू नये, आणि विक्रीच्या वहीतील तिकीट कितीही आवडले तरी त्याची किंमत आपल्या खिशातून गल्ल्यात टाकल्याशिवाय संग्रहात घेऊ नये. हा नियम पाळला तर छंदही जगतो व धंदाही चालतो.

सूचीतील भाव आणि हाती पडणारा भाव

नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत किंमतसूचीमुळे होते. सूचीत एका तिकिटापुढे शंभर रुपये लिहिलेले असतात, आणि मुलगा घरी सांगतो की आपल्याजवळ शंभर रुपयांचे तिकीट आहे. पण सूचीतील किंमत हा बहुधा विक्रेत्याने निर्दोष प्रतीसाठी मागण्याचा भाव असतो. तेच तिकीट आपण दुकानदाराकडे विकायला नेले, तर त्याला त्यातून जागेचे भाडे, कामगारांचा पगार, पडून राहणाऱ्या मालाचा भार आणि स्वतःचा नफा काढायचा असतो. तेव्हा तो सूचीच्या एका अंशाएवढीच रक्कम देणार, हे उघड आहे. त्यात तिकिटाचा कोपरा दुमडलेला असेल, कडेचे दाते तुटलेले असतील, पाठीमागचा भाग झिजून पातळ झाला असेल किंवा शिक्का चित्रभर पसरला असेल, तर भाव आणखी खाली येतो. आज इंटरनेटवरील बाजारात वाटेल ती किंमत मागणारे पुष्कळ दिसतात. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. एखादी वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, तेवढेच पाहावे.

जुनी वस्तू म्हणजे मौल्यवान वस्तू, हाही एक भ्रमच आहे. वस्तूचा भाव तिच्या वयावर ठरत नाही. ती किती शिल्लक आहे आणि किती जणांना हवी आहे, यावर ठरतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत असंख्य लोकांनी नव्या तिकिटांचे संपूर्ण ताव विकत घेऊन पेटीत ठेवले. पुढे त्यांचे मोल वाढेल अशी त्यांची कल्पना होती. सर्वांनीच जपून ठेवल्यामुळे ती दुर्मिळ झालीच नाहीत. त्यांपैकी पुष्कळ ताव आज छापील किमतीपेक्षाही कमी दराने विकले जातात आणि घेणारे लोक ती तिकिटे सरळ पत्रांवर चिकटवतात. १९६० नंतरच्या काळात अजमान, फुजैरा यांसारख्या अरबी शेखराज्यांच्या नावाने केवळ संग्राहकांसाठी रंगीबेरंगी तिकिटांचा पूर लोटला. ती दिसायला सुंदर, पण बाजारात कवडीमोल ठरली.

दुर्मिळ वस्तूचा भावही नेहमी चढताच राहतो असे नाही. ब्रिटिश गियाना या वसाहतीचे १८५६ सालचे एक सेंटचे किरमिजी तिकीट जगात एकच उरले आहे. २०१४ साली ते लिलावात सुमारे ९५ लाख डॉलरांना गेले. २०२१ साली पुन्हा लिलाव झाला तेव्हा सुमारे ८३ लाख डॉलरच आले. जगातील सर्वांत प्रसिद्ध तिकिटाची ही स्थिती, तर आपल्या वहीतील तिकिटांच्या भावाची हमी कोणी द्यावी?

जमाखर्चाची वही

धंदा म्हटला की लेखी हिशेब आलाच. आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याने ३०० तिकिटांचा जुना संग्रह १,००० रुपयांना घेतला. सूचीप्रमाणे त्याची बेरीज ४,००० रुपये भरली, म्हणून तो हर्षित झाला. वर्षभरात त्यातील दहा चांगली तिकिटे प्रत्येकी ७० रुपयांस गेली. त्यांचे ७०० रुपये झाले. आणखी साठ तिकिटे सरासरी १५ रुपयांनी गेली. त्यांचे ९०० रुपये झाले. एकूण जमा १,६०० रुपये. पारदर्शक पाकिटे, लिफाफे आणि टपालखर्च मिळून ३५० रुपये लागले. मूळ खरेदी व खर्च वजा जाता हातात राहिले २५० रुपये आणि कोणी न घेतलेली २३० तिकिटे. तिकिटे भिजवणे, सुकवणे, निवडणे, पत्रे लिहिणे यांत त्याचे पन्नास तास गेले असतील, तर तासाला पाच रुपये पडले.

हे उदाहरण कोणाला नाउमेद करण्यासाठी दिलेले नाही. त्यावरून तीन गोष्टी ध्यानात याव्यात. एक, नफा विक्रीत दिसत असला तरी तो बव्हंशी खरेदीच्या वेळीच ठरतो. महाग घेतलेला माल स्वस्त विकता येत नाही. दोन, शिल्लक राहिलेला माल म्हणजे नफा नव्हे. तीन, आपला वेळ फुकट धरणारा व्यापारी स्वतःचीच फसवणूक करतो. ज्याने रोजच्या रोज कीर्द लिहिली, त्याला पहिल्याच वर्षी हा बोध होतो. ज्याने लिहिली नाही, त्याला तो फार उशिरा होतो.

ज्ञान हेच भांडवल

मग या धंद्यात टिकून राहणारे लोक कशाच्या बळावर टिकतात? आमच्या मते त्यांचे खरे भांडवल म्हणजे ज्ञान. दोन तिकिटे साध्या डोळ्यांना सारखी दिसतात. पण एकाच्या कागदात जलचिन्ह असते, दुसऱ्याच्या नसते. एकाच्या कडेला दाते अधिक, दुसऱ्याच्या कमी. भिंग, चिमटा आणि दाते मोजण्याची पट्टी ही साधने थोड्या पैशांत मिळतात. ती वापरणारी नजर मात्र अनेक वर्षांच्या छंदातूनच येते.

आपल्या देशातील तिकिटे या दृष्टीने फार शिकवणारी आहेत. १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत अर्ध्या आण्याची 'सिंध डाक' तिकिटे निघाली. आशियातील ती पहिली होत. त्यांतील लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचे असल्याने तडकून जाई, म्हणून आज ते अतिशय दुर्मिळ आहे. १८५४ सालचे चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत दोनदा छापावे लागे. त्या गडबडीत काही तिकिटांवर राणीचे मस्तक उलटे छापले गेले, आणि ती चूकच लाखमोलाची ठरली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटाच्या शंभर प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' हा एकच शब्द वरून छापला होता. तशा चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची घरे ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या आहेत, त्या गावांचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. हैदराबादच्या निजामाची आणि इंदूरच्या होळकरांची स्वतःची तिकिटे होती. ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानचे नाव इंग्रजी व नागरी अक्षरांत वरून छापून ती वापरली जात. गोव्यात १८७१ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज इंडियाची तिकिटे चालत. जुन्या ट्रंकांत आजोबा-पणजोबांची पत्रे असतील तर त्यांवर ही तिकिटे अजूनही आढळतात. परंतु येथेच लबाडीलाही वाव असतो. मूळ तिकीट स्वस्त आणि वरून छापलेल्या अक्षरांमुळे महाग, असे जेथे असते, तेथे खोटी अक्षरे छापणारे निपजतातच. अस्सल व नक्कल यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने तसा माल घेऊही नये आणि विकूही नये. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. जुन्या लिफाफ्यावरचे तिकीट कापून किंवा भिजवून काढू नये. लिफाफा, त्यावरील शिक्के आणि पत्ता मिळून जो पुरावा होतो, त्याचे मोल सुट्या तिकिटाहून पुष्कळदा अधिक असते.

ज्याला माहीत आहे त्याचे कर्तव्य

आता आम्ही या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्ञान हे भांडवल खरे, पण ते दुधारी आहे. विकताना त्याने गिऱ्हाइकाचे भले होते. खरेदी करताना त्याच ज्ञानाने समोरच्या अजाण माणसाला नाडताही येते.

मागे उल्लेखिलेले गियानाचे तिकीट १८७३ साली व्हर्नन व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला घरातील जुन्या कागदपत्रांत सापडले. ते त्याला फारसे देखणे वाटले नाही, म्हणून त्याने ते गावातील एका संग्राहकाला सहा शिलिंगांना विकले. त्या वेळी घेणाऱ्यालाही त्याचे अद्वितीयत्व ठाऊक नव्हते. दोघांचे अज्ञान सारखेच होते. त्यामुळे मुलाचे नुकसान झाले असे म्हणता येईल, फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. गिबन्सच्या खलाशांचे तसे नव्हते. गिबन्सला त्या तिकिटांचा बाजार माहीत होता, खलाशांना नव्हता. मग त्याने त्यांना लुबाडले काय? त्याच्या बाजूने असे म्हणता येईल की, हजारो तिकिटे निवडण्याचे श्रम, गिऱ्हाइके शोधण्याची खटपट आणि माल पडून राहण्याचा धोका हे सर्व त्याने पत्करले. विरुद्ध बाजूने असे विचारता येईल की, पाच पौंडांचे पाचशे होतात तेथे सगळा वाटा श्रमांचाच असतो काय? यावर विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करावा.

आमचे मत मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. जो मनुष्य दुकानात येऊन "एवढ्याला देतो, घेता का?" असे विचारतो, त्याच्याशी सौदा करण्याचा व्यापाऱ्याला अधिकार आहे. पण जो "याची काय किंमत असेल हो?" असे विचारतो, तो त्या क्षणी सल्ला मागत असतो. समजा, शेजारच्या काकूंनी माळ्यावरची जुनी पत्रे रद्दीत देण्यापूर्वी आपल्याला दाखवली आणि त्यांत एक दुर्मिळ लिफाफा निघाला. "काही विशेष नाही हो काकू, दहा रुपये देतो," असे म्हणून तो घेणे हा व्यापार नव्हे, ती चोरीच होय. तिथे कुलूप तोडावे लागत नाही, एवढेच. "काकू, हा लिफाफा मोलाचा दिसतो. आणखी एकदोन जाणकारांना दाखवा. मग मलाच द्यायचा असेल तर योग्य भाव देईन, नाहीतर विकून देऊन माझी दलाली घेईन," असे म्हणणाऱ्याला त्या दिवशी नफा कमी होईल. पण पुढे त्या आळीतील प्रत्येक जुनी ट्रंक त्याच्याच समोर उघडली जाईल. जुन्या वस्तूंच्या व्यापारात माल कारखान्यातून येत नाही. तो लोकांच्या घरांतून येतो, आणि घराचे दार विश्वासाखेरीज दुसऱ्या किल्लीने उघडत नाही.

हाच नियम विकतानाही लागू पडतो. तिकिटाचा दोष आधी सांगावा. दुरुस्त केलेले तिकीट दुरुस्त केलेले म्हणूनच विकावे. शंका असेल तर 'शंका आहे' असे लिहून द्यावे, आणि माल खोटा निघाल्यास पैसे परत करावे.

कायद्याच्या मर्यादा

छंदात जे खपते ते धंद्यात खपेलच असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने, केलेला करार बंधनकारक होत नाही; तेव्हा शाळकरी मुलांनी मोठा व्यवहार पालकांच्या हातूनच करावा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शेतात सापडलेली नाणी परस्पर विकता येत नाहीत. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांसारख्या वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवण्यास मनाई आहे, व त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. फुलपाखरे आणि शंख जमवणाऱ्यांनीही जपावे. त्यांतील अनेक जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्यांची विक्री हा गुन्हा आहे.

समारोप

सारांश, छंदाचा धंदा करणे शक्य आहे. पण प्रत्येक छंदाचा धंदा झालाच पाहिजे असे नाही. ज्याला वस्तूंइतकीच माणसेही आवडतात, हिशेब लिहिण्याचा ज्याला कंटाळा नाही आणि उत्तम वस्तू हातची सोडताना ज्याचा जीव अडकत नाही, त्याने या वाटेने अवश्य जावे. आरंभ लहान करावा. जास्तीच्या तिकिटांची अदलाबदल, मग थोडी विक्री, आणि तीही खाऊच्या पैशांपुरती. पहिले वर्षभर नफ्याकडे न पाहता वही नीट लिहावी आणि नजर तयार करावी. ज्याला हे मानवत नाही, त्याने संग्राहकच राहावे. त्यातही कमीपणा नाही. वर्गातल्या एखाद्या मित्राने उद्या आपली वही पुढे करून "यातले कोणते चांगले आहे रे?" असे विचारले, तर त्याला खरे उत्तर देता यावे, एवढी तयारी मात्र दोघांनीही करावी.